तुरळक विषय: गणित

दात घासत घासत गच्चीवर यायचं आणि माळावरच्या पवनचक्क्यांची तोंडं कुणीकडं आहेत ते बघायचं, अशी श्रावस्ती चंदनशिवेची सकाळ सुरू व्हायची. पवनचक्की वाऱ्याला सामोरी उभी राहते. तिचं तोंड पश्चिमेला असलं की वारा पश्चिमेचा. पाती किती वेळात एक फेरा घेतात ते ती मनातल्या मनात मोजायची, खाली जायची, चूळ भरायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहायची, ‘नैऋत्य, जोरात.’ ‘पश्चिम, मंद.’ कधी नुसतं ‘पडलाय.’ त्याच चौकोनात तिच्या आईनं ‘गॅस लावला’ किंवा ‘अंगणवाडी, वजनं’ असं लिहिलेलं असायचं. दोघींची अक्षरं एकमेकींना जागा देत नांदायची. वर्ष संपलं की आई कॅलेंडर काढून टाकायला निघायची आणि श्रावस्ती ते मागून घ्यायची. असे चार वर्षांचे वारे तिच्या पत्र्याच्या पेटीत होते.

बेंबळीत आमची गच्ची त्यांच्या गच्चीला लागून आहे, मधे कमरेएवढी भिंत. पुढं सांगते त्यातलं निम्मं मी पाहिलेलं आहे आणि निम्मं त्या भिंतीवरून ऐकलेलं.

तिचे वडील प्रसेनजित वीज कंपनीत लाइनमन. गावात त्यांना सगळे वायरमनच म्हणतात. आई क्षमाताई अंगणवाडी सेविका. श्रावस्ती नववीत असताना एक लहानसं विमान चार दिवस गावावरून घिरट्या घालत होतं. लोक म्हणाले, सर्व्हेचं आहे. कुणी म्हणालं, पाऊस पाडायला आलंय. श्रावस्ती शाळेतून येऊन गच्चीवर बसायची आणि ते कुठं वळतं ते बघायची. तिसऱ्या दिवशी भिंतीवरून मला म्हणाली, “ताई, ते सर्व्हे करीत न्हाय. रोज एकाच जागी वळतंय, खाली जातंय, परत वर येतंय. वळण जास्त झालं की पुढच्या फेरीला कमी घेतंय. कुणीतरी शिकायलंय.”

ती एवढंच बोलली. आपल्यालाही तसं शिकायचं आहे, हे तिनं त्या दिवशी सांगितलं नाही. त्यानंतर तीन वर्षं कुणालाच सांगितलं नाही. मात्र कॅलेंडरातले वारे त्या आठवड्यापासून सुरू झाले; पुढं लातूरला शिकत होती तेव्हाही सुट्टीला घरी आली की ती लिहायची.

दहावीला तिला चौऱ्याण्णव टक्के पडले, गणितात अठ्ठ्याण्णव गुण. आमच्या भागात नव्वदच्या वर गुण पडले की पुढचं कुणी विचारत नाही. पोरगी लातूरला जाते, खोली घेऊन राहते, आणि लातूरला गेली म्हणजे डॉक्टर व्हायलाच गेली. तिथं पहिल्याच दिवशी फॉर्म भरताना विचारतात, ए ग्रुप की बी ग्रुप? ए म्हणजे गणित, बी म्हणजे जीवशास्त्र. दोन्ही घेता येतं, पण घेत कुणी नाही.

“दोन्ही घेतलं तर?” श्रावस्तीनं खिडकीतल्या माणसाला विचारलं होतं.

“कशाला उगं वझं? मेडिकलला गणिताचा काय उपेग? भूगोल घ्या. सोपा जातो, गुण पडतेत.” त्यानं वर न बघताच सांगितलं.

मागं रांग होती. वडील शेजारी उभे होते, त्यांना त्याच दिवशी कामावर परतायचं होतं. तिनं भूगोलावर खूण केली. वडिलांनी सही केली. तालुक्यातली दरवर्षी अशी किती पोरं गणितावरची खूण सोडून देतात आणि त्या खुणेच्या पलीकडं काय होतं ते कधी विचारत नाहीत.

बारावी झाली, प्रवेश परीक्षा झाली, आणि बीएएमएसला तिचा नंबर लागला. चंदनशिव्यांच्या घरी पेढे आले. विहारात वंदना झाल्यावर तिचं नाव घेऊन टाळ्या वाजल्या. शेजारची द्वारकाबाई गुडघा चोळतच आली, म्हणाली, “आता औषिद फुकट बरं का, डॉक्टरीणबाई!” श्रावस्ती हसली. कॉलेजात हजर व्हायला बावीस दिवस होते.

सहाव्या दिवशी तिनं आईवडिलांसमोर मोबाइल ठेवला. वैमानिकाच्या परवान्यासाठी काय शिक्षण लागतं, ते त्यात उघडलेलं होतं. बारावी उत्तीर्ण, भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन.

“मला हे करायचंय,” ती म्हणाली. “पण माझ्याकडं गणित न्हाय.”

प्रसेनजित काकांनी चष्मा काढून वाचलं, लावून वाचलं. “म्हंजे तू बसू शकत न्हाईस. मग झालं की.”

“बसू शकते. बोर्डात एकच विषय परत देता येतो. तुरळक विषय म्हणतेत त्याला. मार्चमध्ये परीक्षा. मग सरकारी संस्थेची प्रवेश परीक्षा. मग मेडिकल तपासणी, मग सहा पेपर, दोनशे तास उड्डाण.”

“आन् बीएएमएस?”

“सोडायचं.”

क्षमाताई भाकरी थापत होत्या. त्यांनी थापणं थांबवलं नाही. “दोनशे तास म्हंजे किती दिवस गं?”

“मम्मी, सलग न्हाय ते. दीड-दोन वर्षं लागतेत.”

“आन् तवर डॉक्टर झाली असतीस निम्मी.”

“व्हय.”

“बरं, ठाऊक हाय म्हंजे तुला,” क्षमाताई म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

काका उठून अंगणात गेले. तिथूनच म्हणाले, “चश्मा हाय तुला. चश्मेवालीच्या हातात विमान देत न्हायत. साऱ्या जगाला म्हाईत हाय.”

“मग आधी डोळेच तपासू,” श्रावस्ती म्हणाली. “पुण्याला त्यांचा ठरलेला डॉक्टर असतो. त्यानं नापास केलं तर मी बावीस दिवसांच्या आत कॉलेजात हजर होते. पुन्हा तोंडातनं विमान काढणार न्हाय.”

“आन् पास केलं तर?”

“तर तुमी मला अडवायचं न्हाय.”

काका हसले. चष्म्याबद्दल त्यांना पक्की खात्री होती. म्हणाले, “न्हाय अडवत. भीमाची शपथ.” आमच्या वस्तीत ही शपथ कुणी सहजासहजी घेत नाही. घेतली की माणूस तिच्याशी बांधला जातो. काकांनी ती घेतली, कारण आपण जिंकलोच असं त्यांना वाटत होतं.

पुण्याला दोघं बापलेक पहाटेच्या एसटीनं गेले. डॉक्टरांनी तिला रंगीत ठिपक्यांच्या पाट्या दाखवल्या, त्यात दडलेले आकडे वाचायला सांगितले. कानात बारीक आवाज सोडले. छातीला तारा लावल्या. काका बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. दोन तासांनी डॉक्टर स्वतः बाहेर आले.

“तुम्ही वडील का? चष्मा लावून तिला सगळं स्वच्छ दिसतं. तेवढं पुरे असतं. जोडीला एक जादा चष्मा मात्र कायम जवळ ठेवावा लागेल.”

“म्हंजे... चालतं?”

“चालतं की. मलाच बघा, मी पूर्वी एअरफोर्समध्ये होतो. आमच्याकडे कितीजण चष्मेवाले.”

काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. रस्त्यावर येऊन ते चार पावलं चालले. मग खिशातून घडी केलेली जाहिरात काढली. ती त्यांनी बेंबळीहूनच आणली होती. ‘एव्हिएशनमध्ये पदवी. कोणतीही शाखा चालेल.’ पत्ता जवळचाच होता.

“शपथ मोडत न्हाय मी,” ते म्हणाले. “पण हे बघ, हितं गणित लागत न्हाय. एक वर्ष वाया जाणार न्हाय तुझं. बघू तरी.”

ती त्यांच्याबरोबर गेली. काचेचं ऑफिस, गार हवा, भिंतीवर टोपी घातलेल्या हसऱ्या मुलींचे फोटो. टेबलामागची बाई गोड बोलत होती. तिनं काकांना ‘सर’ म्हटलं, पाणी दिलं, तीन वर्षांत काय काय शिकवतात ते भराभर सांगितलं. श्रावस्तीनं सगळं ऐकून घेतलं.

“इथनं बाहेर पडताना हातात काय असतं?”

“पदवी, मॅडम.”

“परवाना?”

“परवान्याची पूर्ण तयारी करून घेतली जाते.”

“त्या परवान्याला बारावीचं गणित लागतं का?”

बाईनं पेनचं टोपण लावलं, काढलं. “ते तुम्ही बाहेरून करू शकता. नंतर. आपल्या सोयीनं.”

“मग ते आधीच करते,” श्रावस्ती म्हणाली. “धन्यवाद.”

परतीच्या गाडीत टेंभुर्णीपर्यंत काका खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम म्हणाले, “रणधीर आठवतो का तुला? माझा जोडीदार.”

तिला आठवत होता. ती लहान असताना तो खांबावरून पडला होता. तेव्हापासून तो घरातच असतो, कमरेखालचं अंग हलत नाही.

“खाली मी होतो त्या दिवशी. शिडी मी धरलेली.” त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली. “मला उंचीचं भ्या न्हाय वाटत, बाळा. मी रोज चढतो. खाली हुभं राहून वर बघायचं, ते जमत न्हाय मला.”

श्रावस्तीनं काय उत्तर दिलं ते तिनं मला सांगितलं नाही. गाडी बार्शीला थांबली तेव्हा तिनं वडिलांसाठी चहा आणला, एवढं सांगितलं.

बावीसवा दिवस आला आणि गेला. कॉलेजातून दोनदा फोन आला, मग येईनासा झाला. गावात बातमी पसरायला दोन दिवस लागले. एक दूरचा मामा मुद्दाम येऊन बसला, “मिळालेलं कुणी असं सांडतं व्हय? आपल्यात पहिली डॉक्टर झाली असती.” हा शब्द तिला लागला. मी भिंतीशी होते. ती एवढंच म्हणाली, “मामा, पहिली व्हायचं म्हणून मी डॉक्टर होत नव्हते. दुसरी झाले तरी चालंल, पण जे येतं ते करू द्या.” मामा चहा न घेताच गेला. त्या दिवशी तिनं जेवणाचं ताट पुढं घेतलं आणि बराच वेळ भाकरी नुसतीच मोडत बसली.

आता गणित शिकवणारं कुणीतरी हवं होतं. गावात एकच माणूस होता. सिद्धलिंग स्वामी सर हायस्कूलमध्ये छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले होते आणि मुलाच्या पिठाच्या गिरणीवर बसत होते. मुलगा विरेश शेताकडं असायचा, गिरणी सर बघायचे. पांढरी विजार, पांढरा सदरा, भुवयांवर पीठ.

श्रावस्ती गेली तेव्हा गिरणी चालू होती. तिला ओरडून बोलावं लागलं.

“सर, बारावीचं गणित शिकवाल का?”

“कुणाला?”

“मला!”

“तू तर डॉक्टर व्हायलीस की!”

“न्हाय आता!”

सरांनी पट्टा सरकवला. गिरणी हळूहळू थांबली. “दहावीला किती होते तुला?”

“अठ्ठ्याण्णव.”

“आन् मग सोडलंस कशाला?”

“सगळ्यांनी सोडलं, सर.”

सरांनी सुपातले चार दाणे उचलून तळहातावर फिरवले. “छत्तीस वर्षं शिकवलं. गणित सोडून जाणारी लई बघितली. माघारी आलेली एक बी न्हाय.” मग पट्ट्याला हात घालत म्हणाले, “उद्या थ्री फेज कवा जाती ते बापाला विचारून ये. गिरणी बंद झाली की शिकवतो. चालू असताना माझं मलाच ऐकू येत न्हाय.”

असा तिचा वर्ग ठरला. गिरणीला जादा दाबाची थ्री फेज वीज लागते आणि ती दिवसातून आठच तास असते, आठवड्याआठवड्याला वेळ बदलते. लाइनमनच्या घरात ते वेळापत्रक तोंडपाठ. काका सकाळी निघताना चपला घालत म्हणायचे, “आज साडेअकराला जाईल.” आणि साडेअकराला वीज गेली की इकडं श्रावस्ती वही घेऊन निघायची. आपण तिच्या शिकण्याला हातभार लावतोय असं काकांनी कधी कबूल केलं नाही. ते फक्त वेळ सांगायचे.

फळा नव्हता. सर गिरणीचं शटर अर्धं ओढायचे आणि त्यावर खडूनं लिहायचे. शटरच्या पन्हाळ्यांमुळं सरळ रेघ कधी सरळ यायची नाही. आलेख तर नागासारखे वळवळायचे. ज्वारीचे डबे घेऊन आलेल्या बायका वीज यायची वाट बघत पायरीवर बसून असायच्या, त्यांनाही थोडं थोडं गणित ऐकायला लागायचं.

“सर, पोरीला दळायला कवा शिकवणार?” द्वारकाबाईनं एकदा विचारलं.

“तिला वर जायचंय, बाई.”

“जाऊ द्या की. पर पोरी, आमच्या म्हसरांवर काय पाडू नगंस बया, गाभण हाय एक.”

“तुमच्या गोठ्यावरनं जातच न्हाय, मावशी. वळसा घालून जाते.”

“घाल बाई घाल. डिझेल का माझ्या बापाचं हाय!”

जुनियर कॉलेजात फॉर्म भरायला गेली तेव्हा तिथल्या क्लार्कनं गुणपत्रिका दोनदा उलटीपालटी केली. “ताई, तुमी पास हाव. पास झालेली माणसं परत कशाला बसतेत?” तिनं सगळं समजावून सांगितल्यावर त्यानं रकान्यात ‘तुरळक’ असं लिहिलं. सरांना हा शब्द फार आवडला. त्या दिवसापासून ते तिला त्याच नावानं हाक मारू लागले. “ये तुरळक, बस. कालचं दाखव.”

शिकवण्याची त्यांची एकच रीत होती. गणित चुकलं की चूक सापडली तरी तिथून दुरुस्त करू द्यायचे नाहीत. सगळं खोडायचं आणि पहिल्या ओळीपासून मांडायचं. सातव्या ओळीत एक चिन्ह हुकलं असेल तरीही पहिल्या ओळीपासून. श्रावस्ती वैतागायची. “सर, इथपर्यंत बरोबरच हाय की!” सर म्हणायचे, “बरोबर हाय तर परत बरोबर यील. मांड.” दोन वर्षं गणिताला हात न लावल्यामुळं तिचा वेग गेला होता. तिला सगळं समजायचं, पण हात मागं राहायचा.

डिसेंबरात सरांनी ऐंशी गुणांचा पेपर काढला. तीन तास घड्याळ लावून सोडवून घेतला. तिला तेहतीस पडले. सरकारी संस्थेला गणितात निम्मे गुण लागत होते. सरांनी वही तिच्याकडं सरकवली.

“उण्याचं चिन्ह गिळतीस तू. अकरा ठिकाणी गिळलंस. खाली हायस तवर ठीक हाय. वर गेल्यावर गिळलंस तर?”

“खाली येईन.”

“व्हय, ते तर यीशीलच. पर कुठं?”

पायरीवरच्या बायका हसल्या. श्रावस्तीही हसली, पण घरी आल्यावर गच्चीत बसून राहिली. लातूरची तिची मैत्रीण सोनाली बीएएमएसला गेली होती. पांढऱ्या कोटातला तिचा फोटो त्याच दिवशी आला होता. श्रावस्तीनं तो मला भिंतीवरून दाखवला. “छान दिसायली ना?” म्हणाली. आवाज सरळ होता. मी विचारलं, पस्तावा होतोय का? तिनं थोडा विचार केला. “पस्तावा न्हाय. भ्या वाटायलंय. हे न्हाय जमलं तर माझ्याकडं काहीच न्हाय, ताई. ना ते, ना हे.” मग ती उठली, खाली गेली, आणि त्या पेपरातलं पहिलं गणित पहिल्या ओळीपासून मांडायला बसली. खिडकीतून दिसत होतं, तिनं प्रत्येक उण्याच्या चिन्हाभोवती लाल पेनानं गोल केला होता. पुढचे तीन महिने तिच्या वह्या गोवर उठल्यासारख्या दिसत होत्या.

जानेवारीत सदिश आले. बाण काढायचे, एकाच्या टोकाला दुसरा जोडायचा, दोन्हींचा मिळून तिसरा काढायचा. सर मांडत होते आणि श्रावस्ती अचानक उभी राहिली.

“सर, विमानाला उत्तरेला जायचंय आणि वारा पश्चिमेचा हाय. मग नाक सरळ उत्तरेला ठेवून चालणारच न्हाय. थोडं पश्चिमेला ठेवावं लागंल.”

सरांनी खडू तिच्या हातात दिला. “मांड की.”

तिनं शटरवर मांडलं. वाकडंतिकडं, पन्हाळ्यांतून उड्या मारत. किती अंश पश्चिमेला ते काढलं, वेग काढला, चिन्हांना गोल केले. सर मागं सरकून बघत होते. वीज आली होती, दिवा लागला होता, बायका डबे पुढं सरकवत होत्या. सर म्हणाले, “थांबा जरा. पोरगी उतरू द्या.” त्या दिवशीचं दळण वीस मिनिटं उशिरा सुरू झालं.

मार्चमध्ये धाराशिवला केंद्र होतं. सतरा-सतरा वर्षांच्या पोरांमधे ती एकटी एकोणीसची. प्रवेशपत्र बघताना पर्यवेक्षक बाईंनी विचारलं, “रिपीटर?”

“न्हाय मॅडम. तुरळक.”

काकांनी त्या दिवशी रजा घेतली होती. तीन तास ते केंद्राबाहेर मोटारसायकलवर बसून होते. ती बाहेर आल्यावर त्यांनी पेपर कसा गेला ते विचारलं नाही. “जेवलीस का?” म्हणाले. परीक्षेत कोण जेवतं?

मेमध्ये निकाल लागला. शंभरपैकी एक्काहत्तर. ती पळतच गिरणीवर गेली. गिरणी चालू होती. तिनं मोबाइल सरांच्या तोंडासमोर धरला. सरांनी पिठाच्या बोटानं पडदा पुसला, तो आणखी पांढरा झाला. मग डोळे बारीक करून वाचलं आणि गिरणीच्या वर आवाज काढून ओरडले, “एकोणतीस कुठं सांडले?”

पण त्यांनी गिरणी बंद केली, घरातून गूळ मागवला, आणि दळणाला आलेल्या प्रत्येक बाईच्या हातावर एकेक खडा ठेवला.

गणित सुटलं म्हणजे सगळं सुटलं असं झालं नाही. त्या वर्षीच्या प्रवेश परीक्षेत तिचं नाव यादीत आलं नाही, इंग्रजीत कमी पडली. वर्षभर ती दहावीच्या मुलींना गणित शिकवत राहिली आणि इंग्रजी बातम्या मोठ्यानं वाचत राहिली. मामा परत एकदा येऊन गेला. काकांनीच त्याला दारात थांबवलं, “पाव्हणं, बसा, चहा घ्या, पण तो विषय न्हाय.” दुसऱ्या वर्षी ती यादीत आली, मुलाखतही झाली. शिष्यवृत्ती आणि कर्ज यांच्या कागदांमागं तीन महिने गेले. मोठी मेडिकल तपासणी झाली. जादा चष्मा घेतला. ऑगस्टमध्ये तिनं पत्र्याची पेटी घरीच ठेवली आणि एक बॅग घेऊन गेली. काका स्टेशनपर्यंत गेले. गाडी हलल्यावर ते फलाटावर किती वेळ थांबले ते क्षमाताईंनी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

आता ती दर रविवारी दुपारी फोन करते. क्षमाताई मोबाइल भिंतीवर ठेवतात, म्हणजे मलाही ऐकू येतं. गेल्या रविवारी तिचे अठरा तास पूर्ण झाले होते.

“वरनं काय काय दिसतं गं?” क्षमाताईंनी विचारलं.

“मी बघतच न्हाय, मम्मी. त्याचाच तर ओरडा खाल्ला. मी सारखी आतले काटे बघते, आकडे जुळायलेत का म्हणून. इथले शिकवणारे सर म्हणतेत, बाहेर बघ, क्षितिज बघ, आकडे आपोआप येतेत.”

“आन् उतरताना?”

“उतरायला अजून धड जमत न्हाय. शुक्रवारी सात वेळा गेले. पाच वेळा सरांनी हात लावला, दोन वेळा न्हाय लावला.”

क्षमाताईंनी बोटं मोजली. काका तिथंच होते, भिंतीला टेकून. ते एरवी फोनवर बोलत नाहीत, नुसते ऐकतात. त्या दिवशी पुढं झाले.

“हात न्हाय लावला म्हंजे... तू एकटीनं खाली आणलं?”

“व्हय, पप्पा. सर शेजारीच होते, पण आणलं मीच. दोन्ही वेळा धावपट्टीवरच उतरलं.”

काकांनी मान हलवली. फोनवर मान हलवलेली दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. पलीकडं कुणीतरी तिला हाक मारत होतं, ताटांचा आवाज येत होता.

“मेसची घंटा झाली, ठेवते,” श्रावस्ती म्हणाली. “आणि मम्मी, इथलं वरण लई गोड असतं, पार्सलात आमटीचा येसूर मसाला पाठव. डब्याचं झाकण घट्ट लाव, मागल्या वेळी सगळा टॉवेलात सांडला होता.”